मुखपृष्ठावरची धाकटी

१

थोरलीचं काम पुस्तकांना मुखपृष्ठं चढवायचं. बावीस वर्षं तेच एक. छापखान्यातून गठ्ठे येत, आणि शाई पुरती वाळलेली नसली की कागद एकमेकांना असे चिकटून बसत, जशा काही खूप दिवसांनी भेटलेल्या बहिणी. मग गठ्ठ्याचं एक टोक मुठीत धरायचं, दुसरं वाकवायचं आणि अंगठ्याखालून एकेक कागद सुटू द्यायचा. फर्रर्र. मधे हवा शिरते, कागद मोकळे होतात. याला कारखान्यात हवा खेळवणं म्हणत. मग पुस्तकाच्या पाठीला गोंद, त्यावर मुखपृष्ठ, पट्टीनं घडी करकरीत दाबायची आणि पुस्तक दाबयंत्राखाली सरकवायचं.

शाळा तिची चौथीपर्यंत. आतली पानं ती वाचत नसे; अक्षराला अक्षर जोडेपर्यंत गोष्टीतली माणसं म्हातारी व्हायची. पण मुखपृष्ठ तिला वाचता यायचं. जेवणाच्या सुट्टीत बायकांचा तो खेळच होता. कोणीतरी नवीन पुस्तक तिच्यापुढे धरायचं आणि आत काय आहे ते थोरलीनं सांगायचं. केस वाऱ्यावर उडतायत ती बाई शेवटी लग्न करते. जिच्या खिडकीला पडदा नाही ती मरते. पुरुष पाठमोरा असेल तर तो लेखक स्वतःच, आणि सगळी चूक बायकोची. मालक पुस्तकं वाचणारा माणूस होता. तो हसून म्हणायचा की हिला समीक्षक करा, निदान पानं तरी वाचतील.

त्या सोमवारी ठेंगणीनं नवं मुखपृष्ठ आणलं. ठेंगणी म्हणजे शेजारच्या टेबलावरची, उंचीनं कमी आणि जिभेनं लांब. चित्रात एक खोली होती. टेबल, खिडकी, उजवीकडे सताड उघडं दार. दारात एक बाई पाठमोरी, हातात पिशवी, एक पाऊल बाहेर. वर सोनेरी अक्षरं होती. थोरलीनं ती सावकाश जुळवली. ‘दार उघडंच होतं’.

बायका म्हणाल्या, हे तर आंधळ्यालाही कळेल, बाई घर सोडून निघालीय.

थोरली बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ही कुठेही जात नाहीये.”

त्यावर सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही, कारण तेवढ्यात तिनं खालचं लेखकाचं नाव जुळवलं होतं. ते तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं.

२

धाकटीची नजर लहानपणापासून अधू. चष्मा काढला की तिच्यापुढे सगळा चिखल. घरात चष्मा सापडेनासा झाला की ती दोन बोटांची नखं भिंतीला लावत लावत चालायची, टक्, टक्. आवाजावरून कळायचं धाकटी कुठे पोचली. एकदा चष्म्याची डावी काडी मोडली. थोरलीनं ती लाल दोऱ्यानं तीन वेढे देऊन बांधली आणि गाठ इतकी घट्ट मारली की धाकटी म्हणाली, आता मी मेले तरी ही सुटायची नाही.

मग धाकटीचं लग्न झालं. नवरा शाळामास्तर, गोड बोलणारा, लिहिणारा.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटी पिशवी घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली होती. म्हणाली, मला चार दिवस राहू दे. तो चष्मा काढून घेतो आणि कपाटात ठेवतो, मग मी जाणार कुठे? आज त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि चष्मा घेऊन आले.

थोरलीचं घर दोन खोल्यांचं, नवरा चिडका, पोरं परीक्षेला बसलेली. ती म्हणाली की पुरुष असेच असतात, माझा काय वेगळा आहे, परत जा. धाकटी हलली नाही. तेव्हा थोरलीनं दार लावून घेतलं. कडी घातली. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग जिन्यावरून पावलं उतरली.

नवव्या दिवशी मेव्हणे आले आणि म्हणाले, ती कुणाबरोबर तरी गेली. थोरलीनं विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. पळून गेलेल्या बहिणीला दार न उघडल्याचं कोणी विचारत नाही. वर आणि चार लोकांत म्हणाली, ती मला मेली.

कारखान्यात यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. आणि आता मेव्हण्यांनी त्यावर कादंबरी लिहिली होती. बायको निघून जाते आणि बिचारा नवरा दार उघडं ठेवून बसतो. मालक म्हणाला, वाचून डोळ्यांत पाणी येतं. थोरलीच्या डोळ्यांत आलं नाही. तिच्या हातातली पट्टी मात्र त्या दिवशी दोनदा घसरली आणि दोन मुखपृष्ठं फाटली.

३

मंगळवारी टेबलावर चष्मा होता.

चित्रातल्या टेबलावर. नखाएवढा, पण चष्माच. थोरलीनं ओल्या बोटानं पुसून बघितला. डाग नव्हता. काल नव्हता हेही तिला पक्कं आठवत होतं. ती उठली आणि काल चढवून दाबयंत्राखाली ठेवलेली पुस्तकं काढून बघितली. त्यांच्यावरही होता.

तिनं ठेंगणीला विचारलं. ठेंगणी म्हणाली, होता की काल पण, तुझंच लक्ष नव्हतं, चाळिशी लावायला लाग आता. असेलही, थोरलीला वाटलं. माणूस दिवसाला शेकडो मुखपृष्ठं हाताळतो, कशाकशाकडे बघणार? मालकाच्या टेबलावर भिंग असायचं ते तिनं मागून आणलं. भिंगाखाली चष्मा मोठा झाला. डाव्या काडीला लाल काहीतरी होतं. वेढे तीन.

भिंग जागेवर ठेवून ती पाणी प्यायली. मनाला म्हणाली, शाईचा ठिपका आहे. लाल शाई उडते कधीकधी. आणि तीन म्हणजे काय, तू तीन मोजलेस म्हणून तीन.

मग गठ्ठा उचलला आणि हवा खेळवायला घेतली.

इतर बायका हे करताना एकमेकींकडे बघून बोलत. हात आपला चालू. थोरली त्या दिवशी चित्राकडे बघत होती. अंगठ्याखालून कागद सुटत गेले, फर्रर्र, आणि दारातली बाई हलली.

बाहेर नाही गेली. बाहेर टाकलेलं पाऊल आत आलं. पिशवी खाली ठेवली गेली. एक हात पुढे झाला, टेबलाची कड चाचपत सरकला, चष्म्याच्या अगदी जवळून गेला आणि पुढे निघून गेला. मग भिंत. बाई भिंतीला हात लावत डावीकडे गेली, खिडकी ओलांडून, जिथे चित्रात नुसता पिवळा रंग होता तिथे. थांबली. गठ्ठा संपला.

थोरलीनं एक कागद काढून बघितला. बाई दारात, एक पाऊल बाहेर. दुसरा काढला. तीच, तशीच.

तिनं पुन्हा हवा खेळवली. पुन्हा तेच, तिथेच येऊन थांबली. या वेळी मात्र कागदांच्या फर्रर्रखाली आणखी एक आवाज होता, बारीक, जपून केलेला. टक्, टक्.

“काय गं, गठ्ठ्याशी बोलतेस की काय?” ठेंगणीनं विचारलं.

थोरली म्हणाली, गोंद संपलाय. गोंदाचं डबडं भरलेलं होतं.

४

बुधवारी चित्रकार आला. सोनेरी अक्षरं नीट उठलीत का ते बघायला तो नेहमी यायचा. म्हातारा, बोटांना कायमचा रंग लागलेला. थोरलीनं त्याला दाराशीच गाठलं आणि हे चित्र असं का काढलं ते सरळ विचारलं. आजवर त्याला असं कोणी विचारलं नसावं. तो स्टुलावर बसला.

त्यानं सांगितलं की तो आधी अख्खी कादंबरी वाचतो, मगच कुंचला हातात घेतो. मुखपृष्ठ म्हणजे गोष्टीचा चेहरा. आत रडणं असेल तर बाहेर फुलं काढून भागत नाही. पण या कादंबरीनं त्याला दमवलं. यात नवरा कसा बसतो, कसा उसासे टाकतो, कुठल्या खिडकीतून वाट बघतो, पानंच्या पानं आहेत. बाई घरातून निघते तिथे मात्र एकच ओळ. कोणत्या वेळी निघाली, काय नेसली होती, मागे वळली का, काही नाही.

“बाई, ज्यानं कुणाला जाताना बघितलंय ना, त्याला निदान पाठ आठवते,” चित्रकार म्हणाला. “या माणसाला पाठसुद्धा आठवत नाही. तीनदा काढली मी ती दाराबाहेर. तीनदा चित्र खोटं दिसलं. शेवटी लेखक चिडला, म्हणून दारात उभी केली आणि देऊन टाकलं.”

“आणि चष्मा?”

“कसला चष्मा? कादंबरीत कुणालाच चष्मा नाही.”

थोरलीनं मुखपृष्ठ आणि भिंग त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं बघितलं. भिंग वर घेतलं, खाली घेतलं.

“हा माझा हात नाही,” तो हळूच म्हणाला. मग तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, “तुमची कोण?”

थोरलीनं उलट खोली कुठून आणली एवढंच विचारलं. तो म्हणाला, लेखकाच्याच घरातली, त्यानं मला तिथे बसवून ती दाखवली होती. डावीकडे पुस्तकांचं मोठं कपाट होतं. ते चित्रात जड व्हायला लागलं म्हणून गाळलं, नुसती भिंत ठेवली. अक्षरं न तपासताच तो निघून गेला.

थोरली त्या खोलीत एकदाच गेली होती, धाकटीच्या लग्नानंतर. तेव्हा डावीकडे कपाट नव्हतं. अडगळीच्या कोठीचं बुटकं दार होतं.

चौकीवर जावं असं तिच्या मनात आलं. पण तिथे सांगायचं काय? की साहेब, कागदावरची बाई भिंत चाचपते? आणि त्यांनी उलट विचारलं की अकरा वर्षं तुम्ही काय केलंत, तर?

५

लेखकाला पहिल्या दहा प्रती घरपोच द्यायच्या होत्या. एरवी हे काम गड्याचं. गुरुवारी सकाळी थोरली म्हणाली की त्या वाटेनं मला जायचंच आहे, मी देते. चढवलेल्या प्रती तिनं पिशवीत टाकल्या.

मेव्हण्यांनी दार उघडलं. केस पिकले होते, आवाज तसाच गोड. आत रेडिओ मोठ्यानं चालू होता. तिला ओळखून ते म्हणाले, “ताई, तुम्ही? या ना. तिची काही बातमी?”

“बातमी तुमच्याकडेच आहे,” थोरली म्हणाली आणि पुस्तकं टेबलावर ठेवली.

खोली चित्रातलीच होती. टेबल, खिडकी, उघडं दार. डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांचं कपाट, भिंतीत ठोकून बसवलेलं. टेबलावर चष्मा नव्हता. तिनं आधी तेच बघितलं.

मेव्हणे रेडिओच्या वरताण आवाज काढून बोलत राहिले. मुखपृष्ठ अगदी कादंबरीचा आरसा झालंय म्हणाले. त्या पाठमोऱ्या बाईत तिचा सगळा स्वभाव आलाय, चंचल, पाय घरात न ठरणारा. थोरलीनं ऐकून घेतलं. मग विचारलं की इथे कोठी होती ना एक?

ते म्हणाले, ओल यायची, बुजवून टाकली.

तिनं रेडिओ जरा हळू करा म्हटलं, कानठळ्या बसतात. ते म्हणाले की त्यांना सवय आहे, त्याशिवाय लिहिताच येत नाही. झोपताना पण लागतो. हे सांगताना ते हसले आणि त्यांचा हात आवाजाच्या बटणावर जाऊन राहिला, जसा कुणी झाकण दाबून धरतो.

आणि वीज गेली.

रेडिओ बंद पडला. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ते थांबलं. मग खोलीत फक्त तो आवाज उरला. कपाटाच्या मागून, खालून, पुस्तकांच्या पलीकडून. टक्, टक्. जरा थांबून, थोडा डावीकडे. टक्, टक्.

“उंदीर आहेत,” मेव्हणे म्हणाले.

उंदीरच असतील, थोरलीनं स्वतःला सांगितलं. जुनं घर, कागद, वाळवी. पण उंदीर भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या जागेपासून सुरुवात करत नाहीत. दार शोधणारं माणूस करतं.

ती कपाटाजवळ गेली. पुस्तकांच्या पाठींवर तळहात ठेवला. पाठी थंड होत्या आणि बारीक थरथरत होत्या.

“धाकटे,” ती म्हणाली, “चष्मा टेबलावर आहे गं. तुझ्या डाव्या हाताला.”

आवाज थांबला.

इतकी शांतता त्या खोलीनं बऱ्याच वर्षांत ऐकली नसावी. मेव्हणे खुर्चीत बसले. बसले म्हणजे खाली आले. त्यांच्या हातात पुस्तकाची प्रत होती आणि ते मुखपृष्ठाकडे बघत होते. थोरलीनं वाकून बघितलं. चित्रातल्या टेबलावर आता काही नव्हतं.

“तुम्ही तिला कशाला सांगितलंत?” मेव्हणे म्हणाले. आवाजातला गोडवा पार गेला होता.

“कुणाला?” थोरलीनं विचारलं. “पळून गेली तिला?”

वीज आली, रेडिओ एकदम भडकला. थोरली जिना उतरून खाली आली तरी ते तो बंद करायला उठले नव्हते.

६

शुक्रवारी मालक उरलेल्या प्रती घेऊन स्वतः गेला आणि तासाभरात परत आला. म्हणाला, कमाल आहे, रेडिओ बोंबलतोय, दार सताड उघडं आणि लेखकाचा पत्ता नाही. शेजारी म्हणतात कालपासून कोणी बघितला नाही. आणि ते भलं मोठं कपाट कोणीतरी भिंतीपासून उचकटून पुढे ओढलंय, पुस्तकं सगळी जमिनीवर.

“मागे काय होतं?” थोरलीनं विचारलं.

“मागे काय असणार? भिंत. ओल आलेली.” मालक आपल्या टेबलाकडे वळला. “खाली मात्र ओरखडे आहेत. उंदरांचे असतील.”

ठेंगणी म्हणाली, बघा, पुस्तकाचं नाव तंतोतंत खरं झालं. सगळ्या हसल्या.

थोरलीच्या टेबलावर शेवटचा गठ्ठा उरला होता. हात लावू नये असं वाटत होतं, पण काम होतं. तिनं एक टोक मुठीत धरलं. फर्रर्र.

दारातली बाई आत आली. या वेळी तिनं टेबल चाचपलं नाही, भिंत धरली नाही. ती वळली. बावीस वर्षांत थोरलीनं कुठल्याच मुखपृष्ठावरच्या बाईला वळताना बघितलं नव्हतं. चेहरा पुरता दिसेपर्यंत गठ्ठा संपत आला होता. दिसले ते फक्त जाड भिंगाचे दोन गोल आणि डाव्या कानाजवळ लाल काहीतरी. बाईनं पिशवी उचलली. ती खोलीत कुणाला शोधत नव्हती. तिथलं तिचं काम झालं होतं. ती सरळ समोर बघत होती, कागदाबाहेर, जिच्या मुठीत गठ्ठा होता तिच्याकडे.

रविवारी कारखान्याला सुट्टी. नवरा गेल्याला चार वर्षं झाली होती, पोरं आपापल्या घरी. दुपारची वेळ. थोरली एकटी बसून होती आणि जिन्यावरची पावलं ऐकत होती. पावलं चढत होती. भिंतीला नख लागल्याचा आवाज नव्हता. चष्मा असलेलं माणूस भिंत धरत नाही, पायऱ्या बघत बघत येतं.

पावलं दाराशी थांबली. पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

कोणी हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. पलीकडे फक्त कोणीतरी उभं होतं. अकरा वर्षांपूर्वी जितका वेळ उभं होतं तितका वेळ, आणि त्याहूनही जास्त.

थोरली उठली. मनात आलं, कडी घातलेलीच आहे, गप्प बसलं तर जाईल. मागच्या वेळी गेली होती.

तिनं कडी काढली.